विमानोड्डाणाच्या संगणकासाठी प्रोसेसरची निवड

आपल्या संस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत धान्याच्या घाऊक व्यापाऱ्याने संगणकाच्या अंतरंगाविषयी लेख लिहावा, हे काही वाचकांस विपरीत वाटण्याचा संभव आहे. संपादक मंडळाने मजकडे लेखाची मागणी केली तेव्हा डाळींच्या आयातीविषयी अथवा बाजार समितीच्या सेसविषयी काही वाचावयास मिळेल, अशीच त्यांची अपेक्षा असावी. परंतु गेल्या दोन वर्षांत हाथीखान्यातील पेढीवर येणाऱ्या सभासद बंधूंपैकी निदान सात-आठ जणांनी मला एकच प्रश्न विचारला आहे. तो असा की, घरच्या मुलास विमान चालविण्याच्या सरावासाठी नवा संगणक घ्यावयाचा आहे, तर त्यात प्रोसेसर कोणता घालावा? ह्या प्रश्नाचे उत्तर मी पैसे घालवून शिकलो आहे. मॅट्रिकच्या पुढे माझे शिक्षण झाले नाही. नातवाने व त्याच्या मित्रांनी समजावून दिले, मी पुन:पुन्हा विचारून घेतले आणि दोन्ही यंत्रांवर शेजारी बसून पाहिले, एवढीच माझी ह्या विषयातील तयारी आहे.

मुलांना हा नाद का लागला आहे, हे वडोदेकरांस सांगण्याची आवश्यकता नाही. टाटा व एअरबस ह्यांच्या सी-२९५ विमानांच्या जुळणीचा कारखाना २८ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्याच शहरात सुरू झाला. करारातील ५६ विमानांपैकी १६ स्पेनहून तयार यावयाची आणि ४० येथे बनावयाची, अशी योजना आहे. ज्या मुलांचे आजे-पणजे मांडवीपासून स्टेशनापर्यंतच्या जगात समाधानी होते, ती मुले आता वैमानिक होण्याच्या गोष्टी बोलतात. उड्डाणशाळेची फी काही लाखांनी मोजावी लागते. म्हणून तत्पूर्वी घरी संगणकावर हात बसवावा, हा विचार सयुक्तिकच आहे.

माझ्या नातवाच्या बाबतीत हेच घडले. बारावीनंतर त्याने संगणक मागितला. मी व चिरंजीव दुकानात गेलो. दुकानदाराने विचारले, "शेठ, आठ कोअरचा देऊ की सोळा कोअरचा?" कोअर म्हणजे प्रोसेसरमधील स्वतंत्र काम करणारा विभाग, एका अर्थी एक माणूस. आम्ही व्यापारी माणसे. सोळा हे आठाच्या दुप्पट आहेत, एवढा हिशेब चटकन झाला आणि किंमत जास्त असूनही सोळांचा माल घेऊन आम्ही घरी आलो. त्या दुकानदारास मी दोष देत नाही. काम कोणते आहे हे त्याने विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही.

पुढे असे होऊ लागले की, मोकळ्या आकाशात विमान सुरळीत चाले. पण मुंबईसारख्या मोठ्या विमानतळाजवळ उतरावयास गेले की पडद्यावरील चित्र अडखळे. क्षणभर थांबे आणि मग एकदम पुढे उडी घेई. प्रवासी जेट विमान उतरताना ताशी सुमारे २६० किलोमीटर वेगाने येते. म्हणजे सेकंदास ७२ मीटर. चित्र पाव सेकंद अडले तर विमान १८ मीटर पुढे गेलेले असते आणि वैमानिकाच्या डोळ्यांस ते दिसलेलेच नसते. जमिनीपासून तीस-चाळीस फुटांवर नाक किंचित वर उचलण्याचा जो नेमका क्षण असतो, तोच हातातून निसटे. मुलगा घाई करी, दांडी जास्त ओढी, विमान आपटे. चार महिने हे पाहून चिरंजीव मला म्हणाले, "दादा, ह्याच्या हातात ते कसब दिसत नाही. उड्डाणशाळेची फी भरण्यापूर्वी पुन्हा विचार करावा." मलाही तसेच वाटू लागले होते. दोष हाताचा नसून यंत्राचा आहे, हे त्याच्या एका मित्राने घरी येऊन दाखविले नसते, तर आम्ही मुलाचे वाटोळे केले असते. ह्या लेखास हात घालण्याचे खरे कारण हेच.

आता यंत्राचे काम पाहू. अशा संगणकात चित्र रंगविणारा भाग निराळा असतो, त्यास ग्राफिक्स कार्ड म्हणतात. परंतु काय रंगवावयाचे हे ठरविणारा प्रोसेसर होय. दर सेकंदास ३० चित्रे दाखवावयाची असतील तर प्रत्येक चित्रामागे ३३ मिलिसेकंद मिळतात, ६० दाखवावयाची असतील तर सुमारे १७. तेवढ्या अवधीत वाऱ्याचा वेग काय, पंखावर जोर किती, विमान किती कलले, घड्याळांवर काटे कोठे असावेत, शेजारची विमाने कोठे आहेत आणि खाली कोणती घरे व झाडे दिसावयाची, हे सर्व ठरवून ग्राफिक्स कार्डास कळवावे लागते. एक्स-प्लेन नावाच्या प्रणालीत तर पंखाचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येक तुकड्यावरील बल निराळे काढतात. हा हिशेब प्रत्येक चित्राला नव्याने करावयाचा आणि वेळ चुकवावयाची नाही. आपल्याकडे हुंडीची मुदत एखादे दिवशी सांभाळून घेता येते. येथे ती सोय नाही.

हे काम सोळा जणांत वाटून का देता येत नाही, हा प्रश्न मी नातवास विचारला. त्याच्या उत्तराने माझे समाधान झाले नाही. ते पुढे माझे मलाच पेढीवर सुचले. गोदामात ट्रक आला आणि त्यातील दोनशे पोती उतरवावयाची असली, तर दोन हमालांऐवजी आठ लावले की काम चौपट लवकर होते. एक पोते दुसऱ्या पोत्यासाठी थांबत नाही. पण रोजमेळाचे तसे नाही. आरंभीची शिल्लक, जमा, नावे, मग शिल्लक, त्यावरून पुढची नोंद. मागची ओळ झाल्याखेरीज पुढची लिहिता येत नाही. तेथे आठ मुनीम बसविले तरी एक लिहील आणि सात पाहत बसतील. विमानाच्या हिशेबातील बराच भाग रोजमेळासारखा आहे. वारा कळल्याशिवाय पंखावरील बल कळत नाही, बल कळल्याशिवाय विमान कोठे गेले ते कळत नाही आणि ते कळल्याशिवाय खिडकीतून काय दिसावे हे ठरत नाही. ह्या एकामागून एक चालणाऱ्या कामास मुख्य थ्रेड, म्हणजे मुख्य धागा, म्हणतात. तो एका वेळी एकाच कोअरवर चालतो.

आकड्यांत मांडून पाहा. समजा, एका चित्रामागे ३३ मिलिसेकंदांचे काम आहे. त्यातील २० रोजमेळाचे आणि १३ हमालीचे. आठ कोअर असतील तर हमाली १.६ मध्ये आटोपते, एकूण २१.६ लागतात. सोळा कोअर घेतले तर हमाली ०.८ वर येते, एकूण २०.८. म्हणजे मुनीम दुप्पट केले आणि वाचला एका मिलिसेकंदाहूनही कमी वेळ. ह्याउलट मुनीम आठच ठेवून प्रत्येक जण सव्वापट नव्हे, एक-पंचमांशानेच चलाख मिळाला, तर तेच २१.६ चे काम १८ मध्ये होते. हा विचार जीन अॅम्डाल ह्या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्ये मांडला आणि त्याच्याच नावाने तो नियम ओळखला जातो. दुकानदाराच्या कार्डावर मात्र कोअरची संख्या ठळक अक्षरांत असते, हा नियम नसतो.

पुष्कळ प्रोसेसर एकत्र जोडणे निरर्थक आहे, असा मात्र कोणी ह्याचा अर्थ घेऊ नये. त्याचे उज्ज्वल उदाहरण एका मराठी माणसानेच घालून दिले आहे आणि त्यांचा आपल्या शहराशी संबंध आहे. डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे; नागपुरास अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावर त्यांनी पदव्युत्तर शिक्षण आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात घेतले. अत्याधुनिक महासंगणक भारतास देण्यास अमेरिका राजी नव्हती, त्या काळात १९८८ मध्ये पुण्यास सी-डॅक ही संस्था निघाली आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक भटकरांच्या नेतृत्वाखाली तयार झाला. त्यांच्यापुढेही प्रश्न प्रोसेसरच्या निवडीचाच होता. एकच प्रचंड प्रोसेसर मिळणे वा बनविणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी ट्रान्सप्युटर नावाचे, एकमेकांशी जोडण्यासाठीच बनविलेले लहान प्रोसेसर घेतले आणि ६४ ट्रान्सप्युटर एका कामास जुंपले. हवामानाच्या अंदाजासारखी गणिते प्रदेशांचे तुकडे पाडून वाटून देता येतात. ते काम हमालीचे होते, म्हणून ६४ जण उपयोगी पडले. आमच्या घरचे काम रोजमेळाचे होते आणि आम्ही हमाल नेमले.

मग चलाख मुनीम ओळखावा कसा? पहिले उत्तर गिगाहर्ट्झचे, म्हणजे प्रोसेसरच्या ठोक्यांचे देतात. १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपला पहिला फ्लाइट सिम्युलेटर काढला, तो आय.बी.एम.च्या ज्या संगणकावर चाले त्याचा प्रोसेसर सेकंदास ४७ लाख ७० हजार ठोके देई. आज पाच अब्जांहून अधिक ठोके देणारे प्रोसेसर सर्रास मिळतात; म्हणजे हजारपट. परंतु ह्यातील बहुतेक वाढ २००४ पर्यंतच झाली होती. त्या वर्षी ३.८ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर बाजारात होता. पुढे उष्णता आवरेना, तेव्हा कारखानदारांनी ठोके वाढविण्याऐवजी कोअर वाढविण्याचा मार्ग धरला. तेव्हापासून गिऱ्हाइकास कोअर मोजण्याची सवय लागली. शिवाय दोन पिढ्यांच्या प्रोसेसरांचे ठोके सारखे असले तरी एका ठोक्यात होणारे काम सारखे नसते. म्हणून गिगाहर्ट्झ पाहावे, पण एकाच पिढीतील मालाची तुलना करताना. निरनिराळ्या तालुक्यांतील मणाची तुलना आपले वडील करीत, तेव्हा मण किती शेरांचा हे आधी विचारीत, तसेच हे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि ती समजण्यास थोडे मागे जावे लागते. उड्डाणाचा सराव जमिनीवर देण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत बिंगहॅम्टन येथे एडविन लिंक ह्या तरुणाने १९२९ मध्ये असे यंत्र बनविले. त्याच्या वडिलांचा पियानो-ऑर्गनचा कारखाना होता. तेथील भात्यांवर त्याने लाकडी विमान बसविले आणि हवा भरून व सोडून ते डोलविले. म्हणजे पेटीवादकाच्या भात्याचीच ही विद्या. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४ मध्ये, अमेरिकन नौदलाने मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यापीठास असे सांगितले की, कोणत्याही विमानाचा आभास उत्पन्न करू शकेल असे एकच यंत्र बनवा. जे फॉरेस्टर ह्या अभियंत्याकडे हे काम आले. प्रथम त्याने जुन्या पद्धतीचे, आकड्यांऐवजी विद्युत्दाबाने गणित करणारे यंत्र योजिले होते; पण त्याची अचूकता पुरेना, म्हणून आकडी संगणक बनविण्याचे ठरले. त्याचे नाव 'व्हर्लविंड', म्हणजे वावटळ. उड्डाण-संगणकासाठी प्रोसेसर कोणता, हा प्रश्न पहिल्याने तेव्हा उभा राहिला असे म्हणावयास हरकत नाही.

व्हर्लविंड १९५१ मध्ये चालू झाले. गणित करणारा भाग उत्तम होता. अडचण स्मृतीची होती. आकडे साठविण्यासाठी ज्या काचेच्या नळ्या लावल्या होत्या त्या मंद होत्या, महाग होत्या आणि वारंवार बिघडत. फॉरेस्टरने १९५३ मध्ये त्यांच्या जागी बारीक चुंबकीय कड्यांची स्मृती बसविली आणि यंत्राचा वेग वाढला, बिघाडही कमी झाले. तोपर्यंत विमानाचा सराव बाजूस राहून ते यंत्र हवाई संरक्षणाच्या कामी लागले होते, ही गोष्ट निराळी. गणकाच्या हातापेक्षा त्याला आकडा आणून देणारी व्यवस्थाच मंद असते, हे तेव्हा दिसले आणि सत्तर वर्षांनंतर आमच्या दिवाणखान्यातही तेच दिसले.

पुन्हा पेढीवर या. मुनीम कितीही तरबेज असो, एखाद्या आसामीचे खाते पाहण्यासाठी त्याला दर वेळी उठून गोदामाच्या माळ्यावरील कपाट उघडावे लागत असेल, तर त्याचा दिवस जिना चढण्या-उतरण्यातच जाईल. म्हणून आपण रोज लागणारे चोपडे गादीशेजारी ठेवतो. संगणकातही असेच आहे. माळा म्हणजे रॅम. आणि प्रोसेसरच्या पोटातच जी छोटी, अतिशीघ्र स्मृती असते ती गादीशेजारची फळी. ह्या फळीस कॅश म्हणतात. उच्चार आपल्या गल्ल्यातल्या कॅशसारखाच असल्यामुळे आमच्या घरी प्रथम मोठा घोटाळा झाला. दुकानदार फोनवर "ह्यात कॅश जास्त आहे" असे म्हणाला, तेव्हा तो रोखीने सवलत देत आहे असे चिरंजीवांनी धरले होते! प्रोसेसरच्या शेवटच्या फळीवरून आकडा येण्यास सुमारे १० नॅनोसेकंद लागतात, रॅममधून आणण्यास सत्तर-ऐंशी किंवा अधिक. तेवढ्या अवधीत तो मुनीम शेकडो ठोके नुसता वाट पाहत असतो.

विमानाच्या हिशेबात तीच ती कोष्टके प्रत्येक चित्राला पुन्हा उघडावी लागतात आणि ती स्मृतीत इतस्तत: पसरलेली असतात. साध्या प्रोसेसरच्या ३२ मेगाबाइटच्या फळीवर ती मावत नाहीत. एक ठेवावी तर दुसरी माळ्यावर परत जाते. ए.एम.डी. कंपनीने एप्रिल २०२२ मध्ये 'रायझन ७ ५८०० एक्स-थ्री-डी' नावाचा आठ कोअरचा प्रोसेसर काढला. त्यात ३२ मेगाबाइटच्या कॅशवर ६४ मेगाबाइटचा आणखी एक थर माळवदासारखा चढवून ती ९६ केली होती. त्याचे ठोके त्याच घरातील साध्या प्रोसेसरपेक्षा कमी होते, तरीही उड्डाणाच्या प्रणालीत त्याने त्यास मागे टाकले. हिशेब लिहिण्याचा वेग किंचित कमी, पण चोपडे सगळे हाताशी. मला हे पटण्यास वेळ लागला नाही; आमच्या वडिलांच्या वेळचा मुनीम असाच होता.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. नवा संगणक घेणाऱ्याने आठ कोअरचा आणि असा थर चढविलेला प्रोसेसर घ्यावा, असे माझे मत झाले आहे. ह्या जातीत २०२३ मधील ७८०० एक्स-थ्री-डी आणि नोव्हेंबर २०२४ मधील ९८०० एक्स-थ्री-डी हे दोन आहेत. दोहोंतही ९६ मेगाबाइटची फळी आहे. पहिल्याचे ठोके ५ गिगाहर्ट्झपर्यंत, दुसऱ्याचे ५.२ पर्यंत जातात. दुसऱ्यात कॅशचा थर कोअरच्या वर न ठेवता खाली ठेवला आहे, त्यामुळे कोअरची उष्णता थेट वरच्या पंख्याकडे निघून जाते. दोहोंच्या भावांत फार अंतर असेल तर पहिल्यावर समाधान मानावे. येथे मी किमती लिहीत नाही. स्मरणिका छापून येईतो त्या बदललेल्या असतील, हे व्यापाऱ्यांस सांगावयास नको.

ह्याच कंपनीचे सोळा कोअरचे आणि तसाच थर असलेले प्रोसेसरही मिळतात. गिऱ्हाइकास वाटते की दोन्ही गुण एकत्र आले. खरी गोष्ट अशी की, ते आठ-आठ कोअरचे दोन तुकडे असून ७९५० एक्स-थ्री-डी ह्या प्रोसेसरात वाढीव कॅश एकाच तुकड्यावर आहे. उड्डाणाचे काम चुकून दुसऱ्या तुकड्याकडे गेले तर त्या फळीचा उपयोग होत नाही. ते योग्य ठिकाणी जावे म्हणून विंडोजमध्ये निराळी व्यवस्था नीट लावून ठेवावी लागते. घरात हे सांभाळणारा जाणता मुलगा नसेल तर ही दुमजली पेढी नकोच.

इंटेलचे प्रोसेसर वाईट आहेत, असे माझे म्हणणे नाही. त्यांच्या आय-नाइन १४९०० के चे ठोके ६ गिगाहर्ट्झपर्यंत जातात. मात्र त्याचे २४ कोअर म्हणजे ८ मुख्य आणि १६ हलक्या कामाचे, हे ध्यानी ठेवावे. आणि पूर्ण जोरात तो २५३ वॉट वीज खातो, तर उपरोक्त दोन्ही प्रोसेसर १२० वॉट वर्गातील आहेत. शिवाय तेराव्या व चौदाव्या पिढीच्या काही प्रोसेसरांत दाब जास्त जाऊन ते अस्थिर होतात, हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केले, ऑगस्टात दुरुस्तीची प्रणाली दिली आणि हमी दोन वर्षांनी वाढविली. कोणी जुना, वापरलेला असा माल स्वस्तात देऊ करील तर तो आधी कसा वापरला गेला आणि ती दुरुस्ती केव्हा घातली, हे विचारल्याशिवाय घेऊ नये.

खरेदीपूर्वी एक परीक्षा मात्र अवश्य करावी. त्या मित्राने आमच्या घरी हीच केली. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये डेव्हलपर मोड नावाची सोय आहे. ती चालू करून चित्रगतीचा तक्ता उघडला की, सध्या अडवणूक कोणाची आहे हे पडद्यावर लिहून येते: मुख्य धाग्याची की ग्राफिक्स कार्डाची. आमच्याकडे मुंबई जवळ येताच मुख्य धाग्याचे नाव येई. नंतर त्याने चित्राची सूक्ष्मता निम्मी केली. तरीही गती वाढली नाही. म्हणजे रंगारी मोकळा बसला होता, मुनीम अडला होता. सूक्ष्मता कमी करताच चित्र धावू लागले असते, तर दोष ग्राफिक्स कार्डाचा आणि नव्या प्रोसेसरचा खर्च व्यर्थ, असे समजावयाचे. त्यानंतर त्याने भूप्रदेशाच्या बारकाव्याचे प्रमाण आणि इतर विमानांची गर्दी खाली आणली, तेव्हा अडखळणे बरेच कमी झाले. किती तरी घरांत एवढ्यावरच भागेल आणि एक पैसाही लागणार नाही. परिग्रहाचे परिमाण आपल्या श्रावकांस शिकविलेले आहेच. ते संगणकास लावण्यास काही प्रत्यवाय नसावा.

ज्यांच्या घरी ए.एम.-४ जातीचा मदरबोर्ड आधीच आहे, त्यांनी सगळे यंत्र बदलू नये. बोर्डाची अंतर्गत प्रणाली, जिला बायोस म्हणतात, अद्ययावत करून त्यावर ५८०० किंवा ५७०० एक्स-थ्री-डी बसतो; बाजारात मिळाला तर तोच घ्यावा. नव्याने घेणाऱ्याने ए.एम.-५ चा बोर्ड पाहावा. त्या बैठकीवर २०२७ पर्यंत व पुढेही नवे प्रोसेसर देत राहण्याचे कंपनीने जाहीर केले आहे. हाती पैसा कमी असेल तर त्याच बोर्डावर आज सहा कोअरचा साधा ७६०० बसवावा आणि दोन दिवाळ्यांनी थर असलेला घालावा. हा व्यवहार मला पसंत आहे. रॅम मात्र ३२ गिगाबाइटांहून कमी नको. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव असे काही कडाडले की तूरडाळीच्या तेजीची आठवण व्हावी. तेव्हा तो खर्च हिशेबात आधी धरावा.

आपल्या गावच्या उन्हाळ्याविषयी कोणताच दुकानदार बोलत नाही. मे महिन्यात ४२-४३ अंश उष्मा असतो आणि दुपारच्या सुट्टीत मुले नेमकी तेव्हाच यंत्रावर बसतात. ७८०० एक्स-थ्री-डी ची मर्यादा ८९ अंशांची आहे. तेथवर पोहोचला की तो आपण होऊन ठोके कमी करतो आणि पुन्हा तेच अडखळणे सुरू होते. म्हणून प्रोसेसरवरील पंख्यात काटकसर करू नये. आम्ही प्रथम यंत्र पेढीच्या वरच्या खोलीत ठेवले होते. धान्याच्या धुळीने दोन महिन्यांत जाळी बुजली. आता ते घरी आहे आणि दर अमावास्येस झटकले जाते. वीज गेल्यास दहा मिनिटे तग धरील असा यू.पी.एस.ही हवा.

खरेदीच्या वेळी डबाबंद माल घ्यावा. खोक्याविना, 'ट्रे'च्या नावाने स्वस्त मिळणाऱ्या प्रोसेसरास डबाबंद मालाची तीन वर्षांची कंपनीची हमी नसते. बिलावर प्रोसेसरचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. ए.एम.-५ मध्ये नाजूक टाचण्या प्रोसेसरला नसून बोर्डाच्या बैठकीत असतात. एखादी वाकली तर तंटा होतो, म्हणून बैठक उघडताना आपल्या समक्ष उघडावयास सांगावी.

पालकांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते आणि घरच्या संगणकावरील तास नागरी विमानवाहतूक महासंचालनालय धरीत नाही. घरी हात, डोळा आणि क्रम ह्यांची सवय लागते, घड्याळे कोणत्या अनुक्रमाने पाहावीत हे अंगवळणी पडते. बाकीचे शिकविणे गुरूचे काम आहे.

आम्ही शेवटी आठ कोअरचा नवा प्रोसेसर घेतला. पहिल्या यंत्रातील सोळा कोअरच्या प्रोसेसरहून तो स्वस्त पडला, हे सांगताना मला अजून थोडे चमत्कारिक वाटते. पहिल्याच संध्याकाळी नातवाने मुंबईस विमान उतरविले. चिरंजीव मागे उभे होते. ते काही बोलले नाहीत, पण उड्डाणशाळेचा अर्ज दुसऱ्या दिवशी त्यांनीच भरला.

जुने यंत्र विकून टाकावे असा विचार होता. परंतु नात येथील ललित कला महाविद्यालयात शिकते. त्रिमित चित्रे तयार करण्यासाठी तिने ते मागून घेतले. तेथे प्रत्येक चित्राचे तुकडे पाडून सर्वांस वाटता येतात आणि सोळाही कोअर कामास लागलेले पडद्यावर दिसतात. पूर्वी तिच्या लहान संगणकास ज्या कामाला रात्र पुरत नसे, ते आता सूर्यास्तापूर्वी जेवावयास बसताना लावून दिले की आमचे प्रतिक्रमण आटोपेपर्यंत तयार झालेले असते.